अ‍ॅटनबरो: एका दुर्मीळ आडनावाचा माग

श्रोतेहो, नमस्कार. निसर्गावरच्या माहितीपटांतला डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. आज बोलायचंय ते त्यांच्या आडनावाबद्दल, त्याचं मूळ कसं शोधायचं याबद्दल.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरात, ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. गावावरून आडनाव पडायचं ते बहुधा गाव सोडून गेलेल्याला. आपल्याकडच्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावांसारखंच. गावातल्या गावात अशा नावानं ओळख पटणार कशी? म्हणून शोध आसपासच्या गावांतही घ्यायचा. डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक जवळच्याच स्टेपलफर्डचे.

सुरुवात 1881च्या जनगणनेपासून करावी. आडनावाची माणसं नोंदणी-जिल्ह्यांनुसार मोजा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. लंडनची लोकसंख्याच एवढी, की कुठलंही आडनाव तिथलंच वाटेल! दर लाखामागे किती, हे काढलं की खरा पट्टा दिसतो.

तिथून मागे जायचं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी जुलै 1837पासूनची. त्याआधीची भिस्त चर्चच्या नोंदवह्यांवर. त्या ठेवायचा हुकूम 1538चा, पण सगळ्या टिकल्या नाहीत, आणि 1640-50च्या यादवीच्या काळात तर बऱ्याच ठिकाणी खंड पडलाय. शिवाय 1752पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे वहीतला ‘फेब्रुवारी 1700’ आपल्या हिशेबानं 1701चा. हे विसरलात तर लग्नाआधीच बाळाचा बाप्तिस्मा झालेला दिसेल.

स्पेलिंगवर मात्र फार विसंबू नका. कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय: अ‍ॅटनबरो, अ‍ॅटनबरा, अ‍ॅटनबरी. यादी करताना सगळे प्रकार एकत्र धरा.

कागद संपले, की वाय गुणसूत्र. तेही आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांचे 1,678 पुरुष तपासले. 2009मध्ये निष्कर्ष छापून आले. (फ्रेडरिक अ‍ॅटनबरो याच संस्थेचे प्राचार्य होते, तेव्हा ते युनिव्हर्सिटी कॉलेज होतं.) स्मिथ मंडळींची गुणसूत्रं एकसारखी नव्हतीच; स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र, स्पेलिंग कसंही असो, दहापैकी जवळजवळ नऊ जणांचं गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. म्हणजे बहुतेकांचा मूळपुरुष एकच.

चाचणी करायचीच, तर दूरच्या दोन शाखांतले पुरुष निवडा. सख्ख्या चुलतभावांचं जुळलं, तर आजोबांपलीकडचं काहीच कळत नाही. आणि जुळलं नाही, तर लगेच वेगळं कूळ ठरवू नका. मधल्या एखाद्या पिढीत दत्तक मूल असेल, किंवा लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलानं आईचं आडनाव लावलं असेल.