निंदणाच्या दिवसांतली दुपार

(दृश्य: पावसाळी सकाळ. धुक्यातली सोयाबीनची शेतं.)

मेळघाटात आषाढ-श्रावण म्हणजे निंदणाचे दिवस. कणगीतलं धान्य तळाला गेलेलं, प्यायचं पाणी गढुळलेलं, लेकरांना हगवण लागलेली. आणि घरातली प्रत्येक धडधाकट बाई शेतात. धारणी-चिखलदऱ्याच्या कितीतरी कोरकू घरांत याच दिवसांत सात-आठ महिन्यांचं बाळ नुकतं वरच्या अन्नाला लागलेलं असतं.

आई उजाडताच निघते. बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर. ही मोठी बहीण आठ वर्षांची. ती बाळाला खेळवते, रडू देत नाही. पण दिवसातून दोन-तीनदा मऊ, घट्टसर काही शिजवून भरवायचं, हे तिला कसं जमावं? दुपार बिस्किटावर निघते. कधी तेही नसतं.

(दृश्य: अंगणवाडी. लांबी मोजायची फळी.)

आजारपणात उतरलेलं वजन बरे दिवस आले की भरून येतं. उंचीचं तसं नाही. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण 1000 दिवसांत जी वाढ हुकते, ती पुढे क्वचितच भरून निघते. सेविका बाळाला फळीवर निजवून जो आकडा लिहिते, त्यात अशा कित्येक दुपारी असतात.

महाराष्ट्रात 2015-16 च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या 34.4 टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी होती. 2019-21 मध्ये 35.2 टक्के.

धान्य हवंच. पण घरात आधी कोण जेवतं, पैसा कुणाच्या हातात असतो, तापलेल्या बाळाला दवाखान्यात न्यायचं हे कोण ठरवतं, यावरही बाळाची उंची ठरते. सगळ्यांना वाढून उरलेली भाकर खाणाऱ्या बाईचं बाळ पोटातच मागे पडू लागतं. आदिवासी भागात 2015 साली आलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण अंगणवाडीत वाढलं जातं. घरी नेलं, तर ते सगळ्यांत वाटलं जातं.

आईच लक्ष देत नाही, असं म्हणणाऱ्यांनी दिवसभर तिच्या शेजारी वाकून निंदण करून पाहावं.

(दृश्य: संध्याकाळ. चुलीचा उजेड.)

या घरात आज बाप भरवतोय. डाळीत कुस्करलेला भात, वर तेलाची धार. बाळाची वाटी वेगळी आहे, म्हणून किती खाल्लं ते दिसतं. बाहेर आई पायांचा चिखल धुतेय.

"अर्धी वाटी संपली," तो आतूनच तिला सांगतो.