पलीकडे जाऊन बस!

नमस्कार श्रोतेहो. बुद्धिबळ शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं, असं मला नेहमी विचारतात. सांगतो, पण आधी एक गोष्ट ऐका.

मी शाळेत होतो. कापाब्लांकाचं १९२१ सालचं 'चेस फंडामेंटल्स' हाती आलं, जुनी प्रत. पट मांडला. पांढऱ्याची पहिली चाल, राजाचं प्यादं चौथ्या घरात. सरकवलं. काळ्याचं उत्तर, तेच, राजाचं प्यादं चौथ्या घरात! अहो, तिथे तर पांढरं प्यादं आधीच बसलेलं. छापणाऱ्याची चूक, दुसरं काय? समासात पेन्सिलीने 'चूक' लिहिलं. पुढचा डाव घेतला, तिथेही चूक. असा पानामागून पान मी त्या जगज्जेत्याला नापास करत गेलो. पुस्तकांवर गिरगटणाऱ्यांचा मला भारी राग येतो, पण त्यांतला पहिला मीच.

मामांनी समास पाहिले आणि पोट धरून हसले. "ऊठ शहाण्या, पलीकडे जाऊन बस!" जुन्या इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक खेळाडू घरं आपापल्या बाजूने मोजायचा, काळ्याचं चौथं घर काळ्याकडून चौथं. मग काय, डाव संपेपर्यंत मी पटाला प्रदक्षिणा घालत होतो.

म्हणून जुनं पुस्तक घेताना चाली कशा लिहिल्यात ते आधी बघा. ई४, ई५ अशा असतील तर उत्तम. तिथे कुठूनही पाहा, घराचं नाव एकच.

आता पुस्तकं. अगदी नवख्यांनी चेर्नेव्हचं 'लॉजिकल चेस' घ्यावं. तेहेतीस डाव, आणि प्रत्येक चालीमागचं कारण दिलंय. संगणक चाल चांगली की वाईट ते आकड्यात सांगतो, का ते सांगत नाही. त्याच्या नादी लागून मुलं आकडेच वाचायला लागलीत. असो. मग कापाब्लांका. तो सुरुवातच करतो हत्ती आणि राजाने एकट्या राजावर मात करण्यापासून. पटावर गर्दी नसली की मोहऱ्याची ताकद दिसते. वाचताना चाली हाताने करा. पुन्हा सांगतो, हाताने करा, नुसत्या डोळ्यांनी नाही.

डावाच्या शेवटासाठी सिलमनचं पुस्तक. प्रकरणं खेळाडूच्या पातळीप्रमाणे लावलेली आहेत, आपली पातळी आली की थांबायचं. मी तिसऱ्या प्रकरणाशी दोन वर्षं थांबलोय. नमस्कार.