तीन मालक, तीन मॅनेजर, एक हंगाम

[दृश्य: ट्रेंट नदी, दोन्ही काठांवरची मैदानं]

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात ट्रेंट नदीच्या दोन काठांवर दोन फुटबॉल मैदानं समोरासमोर आहेत. दक्षिणेला सिटी ग्राउंड. ते नॉटिंगहॅम फॉरेस्टचं, ज्यांनी युरोपियन कप दोनदा जिंकला. पूल ओलांडून उत्तरेला आलं की मेडो लेन लागतं. इथे नॉट्स काउंटी खेळतो. स्थापना 1862, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब. इटलीच्या युव्हेंटसने 1903 मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घेतली, ती याच क्लबाकडून.

2009 च्या उन्हाळ्यात मात्र हा क्लब लीग टूमध्ये होता. म्हणजे वरून चौथी पायरी. आदल्या हंगामात 24 संघांत 19वा. बहुतांश मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे होती. तिकीट काढून आत येणारी माणसंच इथे मालक होती, आणि पैसा जेमतेम होता.

अशा वेळी मुन्टो फायनान्स नावाची कंपनी आली. तिच्यामागे ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेली कॅडबॅक नावाची दुसरी कंपनी. कोट्यवधींची गुंतवणूक करू, क्लबाला प्रीमियर लीगपर्यंत नेऊ, असं वचन. ट्रस्टच्या सभासदांनी मतदान केलं आणि मालकी देऊन टाकली. त्या बदल्यात रोख काही घेतलं नाही. त्यांना क्लब जगवायचा होता. आज त्यांना भोळे म्हणणं सोपं आहे, पण 19व्या क्रमांकावरच्या क्लबाच्या दारात असं कुणी रोज येत नाही.

[दृश्य: जुलै 2009, पत्रकार परिषद]

22 जुलैला फुटबॉल संचालक म्हणून स्वेन-गोरान एरिक्सन यांचं नाव जाहीर झालं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे माजी मॅनेजर, आता चौथ्या पायरीवरच्या क्लबात. करार पाच वर्षांचा. पाठोपाठ मँचेस्टर सिटीकडून गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल आला. आघाडीचा खेळाडू ली ह्यूजने पहिल्याच सामन्यात ब्रॅडफर्डविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि संघ 5-0 ने जिंकला. ऑगस्टच्या शेवटी इंग्लंडचा बचावपटू सोल कॅम्पबेल आला. त्याचाही करार पाच वर्षांचा. तो मोरकॅम्बमध्ये एकच सामना खेळला, संघ 2-1 ने हरला आणि काही दिवसांत तो निघून गेला.

या सगळ्यात मॅनेजर, म्हणजे रोज संघ सांभाळणारा मुख्य प्रशिक्षक, कोण होता? इयान मॅकपारलंड. याच क्लबाचा जुना खेळाडू, 2007 पासून संघ सांभाळणारा. नव्या मालकांनी त्याला निवडलेलं नव्हतं. तो त्यांना जागेसोबत मिळालेला भाडेकरू होता, आणि भाडेकरूला उठवायला नव्या घरमालकाला फार वेळ लागत नाही. 12 ऑक्टोबरला त्याला नारळ दिला गेला. संघ तेव्हा बढतीच्या, म्हणजे वरच्या पायरीवर जाण्याच्या, शर्यतीत होता.

इथे जरा थांबू. मॅनेजरला काढणं म्हणजे प्रत्यक्षात काय काय करावं लागतं ते पाहिलं, की पुढचं नीट कळतं.

मॅनेजरचा करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपण्याआधी काढलं तर उरलेल्या काळाचा पगार देणं लागतं. करारात आधीच एखादी ठरावीक रक्कम लिहिली असेल, तर तेवढ्यावर भागतं. सहायक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, फिटनेसवाला यांचे करार वेगळे असतात आणि नवा मॅनेजर बहुधा आपली माणसं घेऊन येतो. म्हणून एकाला काढलं की तीन-चार जणांचे हिशेब एकदम समोर येतात. मध्यंतरी संघ तात्पुरत्या मॅनेजरकडे जातो. हा सहसा आधीच पगारावर असलेला प्रशिक्षक. लीग टूमध्ये वर्षाला 46 साखळी सामने असतात, शनिवार-मंगळवार-शनिवार अशी रांग लागते. दोन आठवडे जागा रिकामी राहिली तर चार-पाच सामने त्याच्या खात्यात जातात. खेळाडूंची खरेदी जानेवारीपर्यंत बंद. नव्या माणसाला जुन्या माणसाने निवडलेल्या संघावरच काम करावं लागतं.

आणि नव्या मालकाला काही बदललं असं दाखवायचं असेल तर याहून लवकर होणारं दुसरं काम नाही. मैदान बदलता येत नाही, खेळाडू बदलता येत नाहीत, कर्ज तर नाहीच. मॅनेजर एका सकाळीत बदलतो. पुढच्याच वर्षी प्रीमियर लीगमध्येही हेच दिसलं. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये 2 कोटी 30 लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, आणि महिना उलटायच्या आत, 13 डिसेंबरला, सॅम अॅलर्डाइस बाहेर. संघ तेव्हा 13व्या क्रमांकावर होता. दीड वर्षात, 2012 च्या मे महिन्यात, ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला.

[दृश्य: मेडो लेन, हिवाळा]

मॅकपारलंडच्या जागी 27 ऑक्टोबरला स्वीडनचे हान्स बाके आले. एरिक्सनचे जुने सहकारी, तीन वर्षांचा करार. 15 डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. बरोबर सात आठवडे.

बाके गेले तोवर पैशाचं बिंग फुटत आलं होतं. प्रीमियर लीगखालच्या तीन पायऱ्या चालवणाऱ्या फुटबॉल लीगने ऑक्टोबरमध्ये मालकीची कागदपत्रं तपासून क्लब नियमांत बसतो असं सांगितलं होतं. त्या काळची ही तपासणी मुख्यतः दोन गोष्टी बघायची: माणूस गुन्हेगार ठरला आहे का, दिवाळखोर निघाला आहे का. खिशात पैसे आहेत का, आणि ते आले कुठून, हे त्या फॉर्मवर नव्हतं. पगारावरची मर्यादाही इथे कामाला आली नाही. लीग टूच्या क्लबांना उलाढालीच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त पगारावर घालता येत नसे, पण मालकाने घातलेलं भांडवल त्या उलाढालीत जमेला धरता येई. मालक मोठा आहे असं समजून करार झाले, आणि मालकाचे पैसे आलेच नाहीत.

अशा क्लबात सगळ्यात आधी थकतो तो कर. खेळाडूच्या पगारातून दर महिन्याला प्राप्तिकर कापून पुढच्या महिन्याच्या 22 तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो. पगार थकला तर खेळाडू त्याच दिवशी ओरडतो. कर थकला तर काही आठवडे कुणालाच कळत नाही, म्हणून अडचणीतला क्लब तिथे हात मारतो. मग कर खातं उच्च न्यायालयात कंपनी बंद करण्याचा अर्ज करतं. त्या अर्जाची जाहिरात निघाली की बँक खातं गोठवते. लीग नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घालते. नॉट्स काउंटीला हा अर्ज आणि ही बंदी, दोन्ही सोसावं लागलं. दुधाचं बिलसुद्धा थकलं होतं, असं एरिक्सन यांनी नंतर सांगितलं. एकीकडे इंग्लंडच्या संघाचा माजी मॅनेजर, दुसरीकडे दूधवाल्याची उधारी.

डिसेंबरमध्येच मुन्टोने काढता पाय घेतला. क्लबाचे कार्यकारी अध्यक्ष पीटर ट्रेम्बलिंग यांनी तो एका पौंडाला घेतला. हा दुसरा मालक. एक पौंड ऐकायला स्वस्त वाटतं, पण त्या पौंडासोबत थकलेला कर, पुरवठादारांची बिलं आणि पाच-पाच वर्षांचे करार येतात. शिवाय दिवाळखोरीत कंपनीचा ताबा घेणाऱ्या प्रशासकाकडे जाऊन कर्जातून सुटायचं म्हटलं तर लीग दहा गुण कापत होती. हे दहा गुण लक्षात ठेवा.

[दृश्य: फेब्रुवारी 2010]

12 फेब्रुवारीच्या सुमारास तिसरा मालक आला. रे ट्रू, लिंकन सिटीचे माजी अध्यक्ष. किंमत पुन्हा एक पौंड. सौद्यात मोठा अडसर होता एरिक्सन यांचा करार. चारहून अधिक वर्षं शिल्लक होती, आणि एवढं देणं डोक्यावर घेऊन क्लब विकत घेणं कुणालाच झेपलं नसतं. एरिक्सन पद सोडून गेले आणि आपल्या हक्काच्या लाखो पौंडांवर पाणी सोडून गेले. ट्रू यांनी त्याबद्दल जाहीरपणे त्यांचे आभार मानले. एरिक्सन हटून बसले असते तर न्यायालयातला अर्ज तडीला गेला असता, आणि 148 वर्षांचा क्लब त्याच हिवाळ्यात बंद पडला असता, हे सहज शक्य होतं. ऑगस्ट 2024 मध्ये एरिक्सन यांचं निधन झालं. त्यांच्या कारकिर्दीत मोठमोठे चषक आहेत. या एका सहीलाही तिथे जागा मिळायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

23 फेब्रुवारीला स्टीव्ह कॉटरिल मॅनेजर झाले. करार फक्त हंगाम संपेपर्यंत. लांब करार देण्याची क्लबाची ऐपतच उरली नव्हती. कॉटरिलना मिळाला तो उन्हाळ्यातला संघ: श्मायकेल गोलमध्ये, ह्यूज पुढे. बदलली होती एक गोष्ट. आता मालक कोण, हे संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यानंतर संघ क्वचितच हरला. 27 एप्रिलला डार्लिंग्टनमध्ये 5-0 ने जिंकून नॉट्स काउंटीने लीग टू जिंकली. 46 सामन्यांत 27 विजय, 93 गुण. ह्यूजचे साखळीत 30 गोल. दुसऱ्या क्रमांकावर बोर्नमथ, 83 गुणांवर. प्रशासकाकडे जाण्याचा सोपा मार्ग धरला असता तर ते दहा गुण गेले असते आणि दोन्ही क्लब बरोबरीत आले असते.

विजेतेपदानंतरही बिलं उरलीच. श्मायकेलचा पगार लीग वनच्या, म्हणजे आता तिसऱ्या पायरीवरच्या, क्लबाला परवडेना, म्हणून दोघांच्या संमतीने करार रद्द झाला आणि तो लीड्सला गेला. कॉटरिल मे महिन्यात निघाले आणि पुढे पोर्टस्मथला रुजू झाले.

[दृश्य: मेडो लेन, 2019]

नऊ वर्षांनी हाच क्लब पुन्हा त्याच वळणावर आला. 2019 मध्ये तो इतिहासात पहिल्यांदा फुटबॉल लीगच्या बाहेर, पाचव्या पायरीवर घसरला होता. पुन्हा थकलेला कर, पुन्हा न्यायालय. जुलैच्या शेवटी, हंगामाच्या तोंडावर, डेन्मार्कच्या क्रिस्टोफर आणि अलेक्झांडर रीड्ट्स या भावांनी तो विकत घेतला. फुटबॉलच्या आकडेवारीचं विश्लेषण हा त्यांचा व्यवसाय. ज्याच्या हाताखाली क्लब खाली गेला होता तो मॅनेजर नील आर्डली समोर होता, आणि त्याला काढायला कुणी नावं ठेवली नसती.

त्यांनी त्याला ठेवलं. ऑगस्ट 2020 मध्ये आर्डली नॉट्स काउंटीला घेऊन लंडनच्या वेम्बली मैदानावर बढतीचा अंतिम सामना खेळला. हॅरोगेटकडून 3-1 ने हरला. त्यानंतरही पुढच्या हंगामाची सुरुवात त्यानेच केली.

[दृश्य: वेम्बली, रिकामे स्टँड]