रिव्ह्यू करताय? ट्रायलला मार्क देऊ नका

नमस्कार. थिसिससोबत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या ट्रायल्सचा एकत्र आढावा, करायला घेतलेल्या रेसिडेंट मंडळींसाठी आजचा व्हिडिओ आहे. परळ असो की सायन, एक्सेल शीटमध्ये प्रत्येक ट्रायलच्या दर्जाला मार्क देणारा ‘क्वालिटी स्कोअर’ नावाचा कॉलम हमखास दिसतो. तो कॉलम काढून टाका.

1999 साली पीटर युनी आणि सहकाऱ्यांनी हेपारिनच्या 17 ट्रायल्स घेतल्या. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लो मॉलिक्युलर वेट हेपारिन बरं की नेहमीचं, हा प्रश्न होता. त्याच 17 ट्रायल्स त्यांनी 25 क्वालिटी स्केल्सवर तपासल्या. 6 स्केल्सनुसार चांगल्या ट्रायल्समध्ये दोन्ही औषधं जवळपास सारखी, नव्याची सरशी फक्त कच्च्या ट्रायल्समध्ये. 7 स्केल्सनी नेमकं उलटं दाखवलं! ट्रायल्स त्याच, पेशंट तेच.

बेरीज केली की दोष झाकला जातो. 5 मार्कांची जदाद स्केल घ्या, तिच्यात अलोकेशन कन्सीलमेंट, म्हणजे पेशंटचा गट भरतीआधी लपवलेला होता का, हे विचारलेलंच नाही. पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे भरती करणाऱ्या डॉक्टरला आधीच कळलं, तर बऱ्या तब्येतीचा पेशंट नकळत नव्या औषधाकडे वळतो. संशोधक केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 250 ट्रायल्स तपासल्या. कन्सीलमेंट नीट नव्हतं तिथे ऑड्स रेशोने (दोन गटांची तुलना करणारा आकडा) दाखवलेला फायदा 41 टक्क्यांनी फुगलेला होता.

म्हणून कॉक्रेन या रिव्ह्यू करणाऱ्या संस्थेचं 2019 चं ‘रॉब 2’ (रिस्क ऑफ बायस, म्हणजे निकाल एका बाजूला झुकण्याचा धोका तपासायचं साधन) वापरा. त्यात मार्क नाहीत, 5 डोमेन, म्हणजे धोका तपासायचे 5 भाग, आहेत, आणि निवाडा अख्ख्या पेपरचा नाही, एकेका निकालाचा करायचा असतो. मिसिंग डेटाच्या डोमेनवर मात्र थोडं थांबा. आपल्याकडे गणपतीत, मे महिन्यात पेशंट गावी जातात, फॉलो-अप चुकतो. दोन्ही गटांतले पेशंट अशा, औषधाशी आणि तब्येतीशी संबंध नसलेल्या कारणांनी गेले, तर निकाल सहसा एका बाजूला झुकत नाही. पण औषध सोसलं नाही म्हणून एकाच गटातले गळाले, तर उरलेल्यांचा निकाल छान दिसणारच. किती गेले, यापेक्षा का गेले ते शोधा. पेपरमध्ये कारण दिलं नसेल तर लेखकांना ईमेल करा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआय या भारतातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीतली नोंद उघडून प्रायमरी आउटकम, म्हणजे ट्रायलचं मुख्य मोजमाप, पेपरशी ताडून बघा.

मग रॉब 2 मध्ये हाय रिस्क ठरलेल्या ट्रायल्स वगळून निकालांची एकत्रित आकडेमोड, म्हणजे मेटा-अॅनालिसिस पुन्हा चालवा. फॉरेस्ट प्लॉट या आलेखावरचा हिरा (सगळ्या ट्रायल्सचा एकत्रित निकाल) ‘फरक नाही’ सांगणाऱ्या मधल्या रेषेला टेकला, तर ते अॅबस्ट्रॅक्टमध्येच लिहा, सप्लिमेंटच्या शेवटच्या पानावर नको.