सेलेरिॲकला खंड चालत नाही

(इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळींच्या परसबाग गटापुढे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

टेबलावर ठेवलेला हा खडबडीत, मुळांचं जावळ असलेला गड्डा तुम्ही इथल्या बाजारात पाहिला असेल. हा सेलेरिॲक. ऑक्टोबरात वाफ्यावरून काढला आणि गेले चार महिने माझ्या शेडमध्ये ओलसर वाळूत होता. सुरी लावते, बघा. आतून पांढराशुभ्र, अजून घट्ट आहे. वास घ्या आणि पुढे द्या. ओव्याची आठवण येते ना? येणारच, कारण ओवा, जिरं, धणे, बडीशेप, गाजर आणि हा गड्डा, सगळी एकाच कुळातली. सेलरीची तर ही सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जात एकच, फक्त सेलरीत माणसानं दांडा वाढवत नेला आणि इथे बुंधा. म्हणून याला कंदमूळ म्हणताना मी थोडी अडखळते. आपला नवलकोल जसा खोडाचा फुगवटा, तसा हा मुख्यतः खोडाच्या तळाचा फुगवटा आहे. मुळं त्याच्या खालून फुटतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, लावणीच्या वेळी कामाला येईल.

मी हे पीक अकरा वर्षं घेते आहे. पहिली तीन वर्षं हाती जे आलं ते लिंबाएवढं होतं. त्या तीन वर्षांत माझं नेमकं काय चुकलं, हे कळायला मला या झाडाचं मूळ घर शोधावं लागलं. रानटी सेलरी युरोपात समुद्राकाठच्या दलदलीत, खाडीच्या कडेला, ओढ्याच्या ओलीत वाढते. पाय कायम ओले. शिवाय हे द्विवार्षिक झाड: पहिल्या वर्षी साठवण करायची, हिवाळा काढायचा, दुसऱ्या वर्षी फुलून बी धरायचं. आपण त्याची पहिल्या वर्षीची शिदोरी खातो. ती शिदोरी भरायला त्याला पेरणीपासून सहा-सात महिने लागतात, आणि त्या काळात त्याची वाढ कुठेही अडून चालत नाही. थंडीनं अडली, कुंडी लहान पडून अडली, तहानेनं अडली, तरी परिणाम एकच. झाड जगतं, पानंही दिसतात, पण गड्डा भरत नाही. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका खंडाभोवती आहे.

सुरुवात बियांपासून. एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून जास्त बिया बसतात, इतकं बारीक बी. त्याला रुजायला उजेड लागतो. आपला हात सवयीनं बियांवर माती सारतो, आणि इथेच पहिली चूक होते. मी ट्रेमध्ये पेरणीचं बारीक कंपोस्ट भरते, ते खालून पाणी पाजून ओलं करते, बी वर भुरभुरते आणि हाताच्या तळव्यानं हलकं दाबते. बस्स. वरून पारदर्शक झाकण. घरात १८ ते २० अंशांची जागा शोधायची. मग दोन आठवडे, कधी तीन आठवडे, काहीही दिसत नाही. याच काळात लोक धीर सोडतात किंवा वरचा थर एक दिवस सुकू देतात. एकदा फुगलेलं बी सुकलं की संपलं. वरून झारीनं पाणी घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. ट्रे पाण्यात ठेवायचा, वरची माती काळी झाली की उचलायचा.

पेरणी कधी? आत्ता. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. एप्रिलमध्ये पेरलं तर इथला उन्हाळा पुरत नाही. ‘मोनार्क’ आणि ‘प्रिन्झ’ हे दोन वाण मला चांगले आले आहेत. ‘मोनार्क’ची साल त्यातल्या त्यात गुळगुळीत, सोलताना वाया कमी जातं.

दोन खरी पानं आली की प्रत्येक रोप वेगळ्या लहान कुंडीत. माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, हा शब्द माझ्या कानात बसलेला आहे. तरवा जास्त दिवसांचा झाला की लावणी कितीही चांगली करा, फुटवा कमी येतो, हे आमचे आजोबा दरवर्षी सांगायचे. इथेही तेच. कुंडीत मुळं गोल फिरायला लागली, की झाडानं मनानं हात आखडते घेतले म्हणून समजा. मे महिना उजाडायच्या आत मी कुंडी एकदा बदलते. काम वाढतं, पण मला त्याचा फरक स्पष्ट दिसला आहे.

आता थंडी. एप्रिलमध्ये इथे दोन दिवस छान ऊन पडतं आणि आपल्याला वाटतं, रोपं बाहेर काढावीत. थांबा. कोवळ्या रोपांना आठवडा-दीड आठवडा १० अंशांखालची थंडी लागली, तर ती समजतात की हिवाळा होऊन गेला. आता दुसरं वर्ष, आता फुलायचं. मग जुलैत मधूनच दांडा वर येतो. कांद्याला डेंगळे येतात ना, तसंच हे. एकदा दांडा आला की तो खुडून उपयोग नाही, झाडाचा हिशेब बदललेला असतो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, गारठ्याची भीती गेल्यावरच लावणी. त्याआधी आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर, रात्री आत.

लावणी करताना ३० सेंटिमीटर अंतर आणि ओळींत थोडं जास्त. खड्ड्यात कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट सढळ हातानं घाला, कारण ते पाणी धरून ठेवतं. आणि मघाशी म्हटलं ते: गड्डा खोडाचा आहे, त्यामुळे रोपाचा मधला कोंब जमिनीच्या पातळीलाच राहिला पाहिजे. टोमॅटोसारखं खोल पुरलं तर गड्डा वेडावाकडा होतो आणि बाजूनं फुटवे येतात.

पाण्याबद्दल मला जरा जास्त वेळ बोलायचं आहे.

२०२२चा जुलै आठवतो? १९ तारखेला लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश नोंदले गेले, ब्रिटनमधला आजवरचा उच्चांक. त्या उन्हाळ्यात माझ्या वाफ्यावर सोळा रोपं होती. माझ्या शेजारच्या वाफ्यावर एक पोलिश आजी आहेत, त्यांच्याकडेही त्याच पाकिटातली रोपं होती. माती तीच, आमच्यामध्ये एक पायवाट. मी रोज संध्याकाळी झारी घेऊन जात होते आणि वरवर सगळ्यांना थोडं थोडं पाणी देत होते. आजींनी जूनमध्येच, जमीन ओली असताना, चार बोटं जाड कंपोस्ट आणि त्यावर गवतकाडी पसरली होती, आणि त्या आठवड्यातून दोनदाच पाणी देत, पण प्रत्येक वेळी भरपूर. ऑक्टोबरात त्यांचे गड्डे दोन मुठींएवढे निघाले. माझे चिरले होते. सप्टेंबरच्या पावसानं तहानलेलं झाड एकदम फुगलं आणि साल फाटली. दोन-तीन गड्डे कापल्यावर आत तपकिरी पोकळी. ती बोरॉनच्या कमतरतेची खूण असते, आणि कोरड्या मातीत बोरॉन असलं तरी झाडाला उचलता येत नाही.

तेव्हापासून मी आजींची पद्धत घेतली. पाऊस नसेल त्या आठवड्यात दर चौरस मीटरला साधारण २० लिटर, दोन हप्त्यांत, म्हणजे एका खेपेला एक मोठी झारी. आच्छादनाखाली बोट घालून बघायचं. बोटाला ओल लागली पाहिजे. पानं मलूल दिसायची वाट बघू नका. ती मलूल होईपर्यंत खंड पडून गेलेला असतो.

जुलैपासून खालची पानं काढावीत असं बहुतेक ठिकाणी सांगतात. माझं मत असं की जी पिवळी पडली, आडवी झाली, तेवढीच काढावीत. हिरवं पान गड्ड्याचं अन्न बनवत असतं, ते का तोडायचं? बाजूचे फुटवे मात्र जरूर खुडा. आणि हे काम भर उन्हात उघड्या हातांनी करू नका. या झाडाच्या रसात असं द्रव्य असतं की तो त्वचेला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. लांब बाह्या घाला, ढगाळ संध्याकाळ निवडा.

रोग-किडींवर फार बोलत नाही. रोपं लहान असताना शेंबी गोगलगायी, उन्हाळ्यात पान पोखरणारी नागअळी (पोखरलेलं पान चिमटून टाका), गाजरमाशीसाठी बारीक जाळी. ओल्या हवेत पानांवर करप्याचे ठिपके येतात. पाणी पानांवर न देता बुंध्याशी दिलं तर ते कमी राहतात.

ऑगस्टच्या शेवटी तुम्ही गड्डा बघाल आणि निराश व्हाल. तो तेव्हा लहानच असतो. खरा भरतो सप्टेंबर आणि ऑक्टोबरात, म्हणून बाकीची बाग आवरली तरी याचं पाणी थांबवू नका. त्यानंतर लागेल तसा काढा. हलकं दव-हिम तो सोसतो. कडक गोठण यायच्या आधी वर पेंढ्याचा जाड थर द्या, किंवा काढून, पानं पिरगळून, मधला कोंब ठेवून वाळूत पुरा.

तुमच्यापैकी काहींनी स्वयंपाकाचं विचारलं होतं. जर्मनीत आणि पोलंडमध्ये सूपसाठी भाज्यांची जी जुडी मिळते, त्यात गाजर आणि लीकबरोबर (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) याची फोड असतेच. फ्रान्समध्ये कच्चा किसून, मोहरी घातलेल्या मेयोनेजमध्ये कालवतात. मी किसून थालीपिठाच्या भाजणीत घालते, आणि तुपावर जिऱ्याची फोडणी देऊन काचऱ्या करते. साल जाड काढा, फोडी लगेच लिंबाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात. पाहुण्यांना मात्र आधी विचारा. सेलरीची ॲलर्जी गंभीर असू शकते. इथल्या कायद्यात खाद्यपदार्थांवर ज्या १४ ॲलर्जीकारक घटकांची नोंद सक्तीची आहे, त्यात सेलरी आणि सेलेरिॲक येतात.

पुण्याहून माझी भाची विचारते, मावशी, मी गच्चीवर लावू का? तिला मी पानांसाठी साधी सेलरी लाव म्हणते. गड्ड्याला जेवढा सलग थंड काळ लागतो, तेवढा पुण्याच्या हिवाळ्यात मिळत नाही. मार्चमध्ये ऊन तापलं की तिथे त्याची वाढ अडणारच.

दाराशी छोट्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत वीस-पंचवीस बिया. ज्यांच्याकडे गरम खिडकी आहे त्यांनी एकेक न्या, या शनिवारी-रविवारी पेरा, आणि बियांवर माती घालू नका.