गुन्माच्या पाच पोरांचा काळोख

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते जपानच्या बक-टिक या बँडबद्दल. गॉथिक रॉक म्हटलं की काळे कपडे, पांढराफटक चेहरा आणि डोळ्यांत काजळ एवढंच बहुतेकांना आठवतं. बक-टिककडे हे सगळं होतंच. पण मला विचाराल तर लोक त्यांना इतकी वर्षं ऐकत राहिले ते त्यांच्या गाण्यांत मरणाची खरीखुरी जाणीव आहे म्हणून.

गोष्ट १९८३ सालची. गुन्मा प्रांतातल्या फुजिओका गावात शाळकरी मित्रांनी बँड काढला. नवल म्हणजे, पुढे बँडची बहुतेक गाणी रचणाऱ्या हिसाशी इमाईला तेव्हा गिटार धड वाजवता येत नव्हती. अत्सुशी साकुराई ड्रमवर होता. पहिल्या गायकाने बँड सोडला, तेव्हा 'मी गातो' म्हणून साकुराई पुढे आला. ड्रमवर बसला बास वाजवणाऱ्या युताका हिगुचीचा थोरला भाऊ, तोल यागामी. दुसऱ्या गिटारवर हिदेहिको होशिनो. १९८५ मध्ये जमलेले हे पाच जण पुढची ३८ वर्षं तेच राहिले. रॉकच्या दुनियेत, जिथे बँड दोन अल्बमांत फुटतात, तिथे ही केवढी मोठी गोष्ट आहे!

गॉथिक संगीत जपानमध्ये त्यांनीच आणलं असं मात्र नाही. १९८० पासून तोक्योच्या छोट्या क्लबांत ऑटो-मॉड हा बँड ते वाजवत होता, आणि त्याचा मान त्याला द्यायलाच हवा. बक-टिकने तो काळोख घराघरांत नेला. १९८७ मध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या सीडी प्लेयरच्या जाहिरातीत ताठ उभ्या केसांची ही पोरं टीव्हीवर झळकली आणि देशभर ओळखीची झाली. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेला 'टॅबू' १९८९ साली विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याच वर्षी अमली पदार्थाच्या प्रकरणात इमाईला अटक झाली आणि दौरा रद्द करावा लागला. इतर चौघांनी दुसरा गिटारवादक शोधला नाही, ते थांबले. २९ डिसेंबर १९८९ ला तोक्यो डोम या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये पाचही जण परत रंगमंचावर आले. ती तारीख चाहत्यांनी कायमची जपली.

१९९० मध्ये साकुराईची आई गेली. लहानपणी वडिलांच्या दारूचा त्रास सोसलेल्या या माणसाचं आईवर फार प्रेम होतं. इथून त्याचे शब्द बदलले. १९९१ च्या 'कुरुत्ता तायो' या अल्बममधलं 'ज्युपिटर' ऐका. चाल होशिनोची, साधी अकूस्टिक गिटार, आणि त्यावर साकुराईचा तो खोल, भारदस्त आवाज. आरडाओरडा नाही, आक्रोश नाही. आई गमावलेला मुलगा हलक्या आवाजात गातो आहे, आणि जपानी कळत नसलं तरी गळा दाटून येतो. बँडचं सगळ्यांत मोठं काम मला या एका गाण्यात दिसतं. २००५ मध्ये 'जूसान्काई वा गेक्को' हा संपूर्ण गॉथिक अल्बम त्यांनी काढला. त्यात सर्कस आहे, विदूषक आहेत, रक्तपिपासू प्रियकर आहे. नाट्य पुरेपूर आहे. पण त्या नाट्याला वजन आलं ते आधीच्या दुःखामुळे.

जपानच्या व्हिज्युअल केई, म्हणजे भडक वेशभूषा आणि रंगभूषा करणाऱ्या रॉक बँडांच्या पुढच्या पिढ्यांवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. दिर आँ ग्रे बँडचा गायक क्यो याने शाळेत असताना एका वर्गसोबत्याच्या बाकावर साकुराईचा फोटो पाहिला आणि आपणही रॉक गायक व्हायचं, असं तिथेच मनाशी ठरवलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये योकोहामातल्या कार्यक्रमात साकुराईची तब्येत अचानक बिघडली, आणि १९ ऑक्टोबरला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय ५७. त्याच वर्षी, त्याच २९ डिसेंबरला उरलेले चौघे तोक्योच्या बुदोकान सभागृहात उभे राहिले आणि त्याच्या ध्वनिमुद्रित आवाजाला त्यांनी साथ दिली. नवा गायक आणला नाही. २०२४ च्या नव्या अल्बमवर इमाई आणि होशिनो स्वतः गातात. गळा साकुराईचा नाही, हे पहिल्या ओळीतच जाणवतं. तरी मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

ज्यांना पहिल्यांदाच ऐकायचंय त्यांनी 'ज्युपिटर'पासून सुरुवात करावी. मग २००५ चा अल्बम सलग, शक्यतो रात्री, हेडफोन लावून. सुरुवातीच्या काळातली उडती गाणी नंतर ऐकलीत तरी चालेल.