रोजकीर्द

(एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. त्याचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी सांगलीत झालेल्या मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पंखा बंद करू नका. त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतोय म्हणता, येऊ दे. माइकशिवाय मी बोलू शकते, पंख्याशिवाय नाही.

मी बसूनच बोलणार आहे. पत्रिकेवर विषय छापलाय, 'रिलॅप्स ओळखणे, आधार आणि संशोधन'. चाळीस मिनिटांत तीन विषय. मी बत्तीस वर्षं सहकारी बँकेत हिशेब तपासले, त्यामुळे आत्ताच सांगते, हा ताळेबंद जुळणार नाही. एमएस म्हणजे काय, नसांवरचं मायलिनचं आवरण म्हणजे काय, यात मी वेळ घालवणार नाही. ते इथल्या निम्म्या लोकांनी अंगावर शिकलंय आणि उरलेल्या निम्म्यांनी बिलं भरून.

सुरुवात शब्दापासून करते. रिलॅप्सला, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याला, आपण सगळे 'ॲटॅक' म्हणतो. एकदा जिन्यात मी सहज म्हटलं, मला मागच्या महिन्यात ॲटॅक आला होता. शेजारच्या काकूंनी माझ्या छातीकडे बघितलं आणि विचारलं, "किती ब्लॉकेज निघाले?" म्हटलं, काकू, हृदय ठणठणीत आहे, ॲटॅक डोळ्याला आला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत झालं, हिला डोळ्यात ब्लॉकेज आहे. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या डॉक्टरांपेक्षा काकूंचं निदान जवळचं होतं.

गंमत सोडा. आपण जरा पाय जड झाला, जरा धूसर दिसलं की ॲटॅक म्हणतो, आणि तो शब्द ऐकला की समोरचा माणूस सलाईनची बाटली शोधतो. यावर माझी एक गोष्ट आहे. काहींनी ती ऐकलेली आहे, त्यांनी चहाला जाऊन यावं.

२०११ चा मे महिना. पुतण्याचं लग्न, माणदेशात, मुहूर्त बारा सदतीसचा. हे सदतीस कोण काढतं मला माहीत नाही, पण मे महिन्यात दुपारी बारा सदतीसला पत्र्याच्या मांडवात जरीची साडी नेसून उभं राहणं हा एमएसचा प्रयोगच आहे. तिसऱ्या मंगलाष्टकाला माझ्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. हा तोच डोळा, २००३ साली पहिल्यांदा गेलेला आणि परत आलेला. पाचव्या मंगलाष्टकाला नवरी दिसेना. मी अंदाजानं अक्षता टाकल्या, त्या फोटोग्राफरवर पडल्या. मग डावा पाय ओल्या पोत्यासारखा झाला आणि मी खाली बसले.

झालं! आमचे एक भाऊजी जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी नाडी बघितली आणि जाहीर केलं, "वहिनींना ॲटॅक आलाय." म्हशीला कोणी विचारत नाही म्हणून बरं, पण मलाही कोणी विचारलं नाही. एसी गाडीत घातलं, निघालो. अर्ध्या वाटेत मला रस्त्यावरच्या पाट्या वाचता यायला लागल्या. मी म्हटलंसुद्धा, "अहो, दिसतंय मला." यजमान म्हणाले, "तू बोलू नकोस, दमशील."

दवाखान्याचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. ड्यूटीवरचा डॉक्टर पोरगेला, मनानं चांगला. त्यानं फाईल उघडली, एमएस वाचलं आणि स्टेरॉइड लिहिलं, रोज एक ग्रॅम, शिरेतून. तेव्हा माझा पाय निम्मा परत आलेला होता. पण एव्हाना फाईल झाली होती, डिपॉझिट भरलं होतं. बँकेतली बाई आहे मी, मला माहीत आहे, व्हाउचर एकदा पास झालं की ते परत घेणं किती अवघड.

दुसऱ्या रात्री थंडी वाजून ताप आला. साखर तीनशेच्या वर. तिसऱ्या दिवशी सकाळी एका सिस्टरनी चादर बदलता बदलता विचारलं, "काकू, लघवीला जळजळ होते का हो?"

होत होती. चार दिवस होत होती. लग्नघरी चाळीस पाहुणे आणि एक बाथरूम. आपली घाई तुम्हाला ठाऊक आहे, आली की आली. म्हणून मी पाणी पिणंच बंद केलं होतं. इथल्या किती बायका प्रवासात हेच करतात? हात वर करू नका, मला दिसतंय. तपासणीत इन्फेक्शन निघालं. म्हणजे वर ऊन, आत इन्फेक्शन, आणि त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. तीन दिवसांचे अकरा दिवस झाले. यात दोष त्या पोराचा होता तसा माझाही होता. मी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही, आणि ज्या सिस्टरनी विचारलं त्यांचं नाव बिलावर कुठेच नव्हतं.

आता मुद्दा. तुम्ही उसाच्या गावची माणसं, म्हणून पाटाचं उदाहरण देते. पाट फुटला, भगदाड पडलं, पाणी भलतीकडे गेलं, हा रिलॅप्स. नवी जखम. मग ते भगदाड कसंबसं बुजतं. पुढे उन्हाळ्यात पाटाला पाणी कमी सुटतं. धड पाटातून ते शेवटच्या सरीपर्यंत पोचतं, बुजवलेल्या पाटातून मधेच जिरतं. पाट नव्यानं फुटलेला नाही. पाणी वाढलं की शेवटची सरी पुन्हा भिजते. हा खोटा रिलॅप्स. अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी जखम भरलेल्या नसेतून संदेश मधेच अडू शकतो. ऊन, ताप, व्यायाम, गरम पाण्याची अंघोळ, काहीही पुरतं.

हे १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं टिपलं. श्रमानंतर रुग्णांची नजर मंदावते आणि विसाव्यानंतर परत येते. त्याला वाटलं कारण श्रम. उष्णतेचा हात आहे हे नंतर कळलं. मग एमआरआय येण्याआधी कितीतरी वर्षं संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का बघत. माझ्यावर तो प्रयोग जरीच्या साडीत झाला.

डॉक्टर मंडळींची रिलॅप्सची व्याख्या लक्षात ठेवायला सोपी आहे. लक्षण नवं असावं किंवा जुनं स्पष्टपणे वाढलेलं असावं, ते किमान २४ तास टिकावं, ताप किंवा इन्फेक्शन नसावं, आणि आधीच्या रिलॅप्सला ३० दिवस तरी होऊन गेलेले असावेत. पण २४ तास थांबायचं म्हणजे फोनसुद्धा करायचा नाही असं नव्हे. एकाएकी डोळा गेला, तोंड वाकडं झालं, लघवी अडली, तर घड्याळ बघत बसू नका. तो एमएस नसून पक्षाघातही असू शकतो. आणि इन्फेक्शनच्या मागोमाग खरा रिलॅप्सही येतो. त्यामुळे इन्फेक्शन सापडलं म्हणून सुटलो, असंही नाही.

मग ओळखायचं कसं? इथे माझं लाडकं खूळ येतं. रोजकीर्द.

बँकेत कीर्द आणि खतावणी असते. कीर्दीत त्या दिवशीचा व्यवहार त्याच दिवशी, घडला तसा. खतावणी नंतर, खात्याप्रमाणे. आपण डॉक्टरांसमोर जातो आणि थेट खतावणी सांगतो, "गेले तीन महिने बरं नाही." अहो, कोणत्या तारखेला? किती वाजता? किती तास? त्या दिवशी ताप होता का? कीर्द आपली, खतावणी डॉक्टरांची.

या कीर्दीचा मूळपुरुष आहे एक इंग्रज, ऑगस्टस डेस्टे, तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू. १८२२ च्या डिसेंबरात तो स्कॉटलंडच्या डोंगरात वडिलांसारख्या एका नातलगाला भेटायला गेला, तर पोचेपर्यंत नातलग वारलेला. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत त्याला पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, इतकी नजर गेली. पुढे आयर्लंडला गेला आणि काहीही उपचार न करता डोळे परत आले. हे सगळं त्यानं लिहून ठेवलंय. १८२७ मध्ये फ्लॉरेन्सला एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पित्त. (हशा) हसा, हसा. दोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडात, राजाच्या नातवाला, पित्त! कानशिलाला जळवा लावल्या. मग पाय गेले. एका डॉक्टरनं दिवसातून दोनदा बीफस्टेक आणि वर मद्य सांगितलं. आमच्याकडे निदान एरंडेल सांगतात. १८४६ पर्यंत तो लिहीत राहिला, १८४८ मध्ये गेला. या आजाराचं नीट वर्णन पॅरिसच्या डॉक्टर शार्कोनं केलं ते १८६८ साली. म्हणजे डॉक्टरांची खतावणी सुरू व्हायच्या वीस वर्षं आधी रुग्णाची कीर्द बंद झाली होती. पण ती होती, म्हणून आज ती वाचून कोणीही न्यूरॉलॉजिस्ट सांगतो, हा एमएस.

माझ्या वहीत रकाने सहा. तारीख आणि वेळ, काय झालं, जुनं की नवं, ताप किती, लघवी आणि झोप, किती तासांनी उतरलं. भाचा म्हणाला, मावशी, मोबाईलवर करून देतो. त्यानं दिलं करून. ज्या दिवशी बोटं बधिर झाली त्या दिवशी मोबाईल उघडेना. वहीत निदान वाकडंतिकडं लिहिता येतं, आणि अक्षर वाकडं आलं हीसुद्धा नोंदच.

चिठ्ठी आली. "दहा मिनिटे." बघा, म्हटलं नव्हतं का? आता पळते.

स्टेरॉइड. खऱ्या रिलॅप्सला ३ ते ५ दिवस, रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. यानं सुधारणा लवकर होते. शेवटी किती सुधारणार, ते यानं फारसं बदलत नाही. म्हणून नुसत्या मुंग्या असलेला सौम्य रिलॅप्स कधी कधी डॉक्टर औषधाविना जाऊ देतात. त्यांना आळशी म्हणू नका. तेवढाच डोस तोंडानं दिला तरी शिरेतून दिल्याइतकाच उपयोग होतो, असं २०१५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत दिसलं. सुरू करण्याआधी लघवीची तपासणी आणि साखर, एवढं मागून घ्या. आणि डोळे किंवा मणका पुनःपुन्हा धरत असेल तर ॲक्वापोरिन-४ ची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारा. त्यातून एनएमओ कळतो. तो एमएससारखा दिसणारा वेगळा आजार आहे, आणि एमएसची काही औषधं त्यात उलटतात.

आधार. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया लॉरी या तरुणीनं भावासाठी पेपरात छोटी जाहिरात दिली, मल्टिपल स्क्लेरोसिसमधून कोणी बरं झालं असेल तर कृपया कळवा. पन्नासहून जास्त पत्रं आली. बरं झालेलं कोणीच नव्हतं. सगळे तिलाच विचारत होते, तुम्हाला कोणी सापडलं का? त्यातून १९४६ मध्ये अमेरिकेतली एमएस सोसायटी उभी राहिली. आपल्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून आहे, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे शाखा आहेत. तिथे फोन करा. पहिल्या फोनला मी फक्त रडले होते आणि पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नव्हता.

अपंगत्वाचा दाखला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव स्पष्ट आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. अडचण अशी की तपासणीच्या दिवशी आपण नेमके बरे चालतो. मी चालत गेले आणि चालत परत आले, दाखल्याविना. दुसऱ्या वेळी वही घेऊन गेले. वहीच्या जोडीला जुनी डिस्चार्ज कार्डं आणि एमआरआयही न्या.

संशोधन. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून हार्वर्डच्या मंडळींनी दाखवलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. हे वाचून माझ्या जाऊबाईंनी सगळ्या घराची तपासणी करायची ठरवली. तो विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात असतो, एमएस मोजक्यांना होतो. तपासणीनं काही कळणार नाही. आणि लक्षात घ्या, तो अभ्यास झाला कारण सैन्यानं वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने तारखेनिशी जपले होते. कीर्द!

बातमी आली की तीन प्रश्न विचारा. माणसांवर की उंदरांवर? किती जणांवर? तुलनेला दुसरा गट होता का? भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि कोणालाही घरबसल्या फुकट बघता येते. स्टेम सेलच्या नावानं लाखांत पैसे मागणारा भेटला तर त्याला सीटीआरआयचा क्रमांक विचारा. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

दुसरी चिठ्ठी आली, यावर काहीच लिहिलेलं नाही. समजले.

एक राहिलंच, थर्मामीटर. वहीला दोऱ्यानं बांधून ठेवा, नाहीतर चौथा रकाना कायम कोरा राहतो. वह्या दाराजवळच्या टेबलावर आहेत, शंभर पानी, रकाने आखलेल्या, एकेक घेऊन जा. चहा तिथेच आहे, पण आधी पाणी प्या. स्वच्छतागृह बाहेर पडल्यावर डाव्या हाताला आहे, पायरी नाही. मी आल्या आल्या बघून ठेवलंय.